निवडलेले तांदूळ

खिडकीपाशी बसून मी तांदूळ निवडते. नजर अशीच हळूहळू जाणार, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून घरातले सगळे माझ्याशी फार गोड बोलतात, आणि मला त्या गोडव्याचाच संशय येतो. डोळे अधू झाले की माणूस आवाज निरखायला लागतो.

"आई, किती स्वच्छ निवडलेत!" सून रोज म्हणते. जरा जास्तच रोज.

आज मी कुंडीतला एक खडा मुद्दाम निवडलेल्या तांदळात मिसळला आणि ताट तिच्या हाती दिलं. दुपारी सगळे निवांत जेवले. कुणाच्याच दाताखाली काही आलं नाही. म्हणजे माझ्यामागे ती पुन्हा निवडते.

तरी शेवटच्या घासापर्यंत मी तो खडा शोधत होते.