टोपीभर माती

आज लेकीची पहिली कुस्ती म्हणून तालमीत गेले, तर दारातच ताक, हळद आणि तेल मुरलेल्या लाल मातीचा वास आला. अण्णा आठवले. माझे वडील. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. काडीसारखा माणूस, जन्मात कधी लंगोट बांधला नाही. पण एका पैलवानावर त्यांचा लई जीव.

उमापूरकडच्या एका जत्रेत त्याची कुस्ती होती. अण्णांनी मला खांद्यावर बसवून नेलं. हलगी कडाडत होती आणि बघता बघता अण्णांचा पैलवान चितपट झाला. सकाळपर्यंत त्याचे गोडवे गाणारी माणसं धोतरं झटकून उठली. अण्णा मात्र आखाड्यात उतरले आणि तो पडला होता तिथली माती त्यांनी टोपीत भरून घेतली.

बोडक्या डोक्यानं अण्णांना गावात शिरताना कुणी पाहिलं नव्हतं. पारावरून एकानं हसत विचारलं, "अण्णा, सुतक हाय का?"

मी रडवेली झाले. "हारल्याची माती कावून आणली?"

"हारला म्हणून आपला न्हाई का, माय?" एवढंच बोलून त्यांनी ती माती दारातल्या लिंबाच्या बुडाशी हळूच ओतली.

आज लेक हरली. मान खाली घालून ती माझ्याकडे आली, तेव्हा मी ओढणीच्या टोकात मूठभर माती बांधत होते.

"आई, मी तर हारले," ती म्हणाली. "मग माती कावून घेतीस?"

उत्तर मला पाठ होतं.