वाजवायची कवळी

मी कवळ्या करते. पुढे डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, मागे माझी खोली. एक खिडकी, गॅसची शेगडी, प्लास्टरने पांढरंफटक झालेलं टेबल आणि फळीवर लोकांचे जबडे ओळीने मांडलेले. पेशंट बाईंच्या खुर्चीत बसतो, बाई माप घेतात, साचा माझ्याकडे येतो. सव्वीस वर्षांत हजारो माणसं माझ्या हातच्या दातांनी हसली असतील, पण माझं तोंड कुणी पाहिलेलं नाही. मला तेच बरं वाटतं. माणसं कटकट फार करतात, साचे बिचारे गप्प असतात.

म्हणून त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ थेट मागच्या दाराने आत आले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. उंच, ताठ, कडक इस्त्रीचा शर्ट आणि तोंडाचं बोळकं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली आणि माझ्या टेबलावर कवळी ठेवली. माझीच होती, पंधरा दिवसांपूर्वी दिलेली. इतके देखणे दात माझ्या हातून वर्षात दोन-तीनदाच होतात.

"चावायला झकास आहेत," ते म्हणाले. "पण वाजवायला नाहीत."

"काका, दात वाजतात ते थंडीत. आणि त्यालासुद्धा स्वतःचे लागतात."

ते हसले नाहीत. त्यांनी कवळी तोंडात बसवली, पिशवीतून एक जुना पितळी बिगूल काढला आणि ओठाला लावला. फुस्स असा आवाज आला आणि वरची कवळी खटकन खाली पडली. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. स्टूल पुढे सरकवलं आणि म्हटलं, "बसा. काय ते नीट सांगा."

विसाव्या वर्षी ते लढाईवर गेले होते, आपल्या कंपनीचे बिगुलवाले म्हणून. एका टेकडीवर एकाच सकाळी अकराजण गेले. उरलेल्यांनी घाईघाईने खड्डे खणले. मेलेल्या शिपायाला मातीत ठेवताना शेवटची धून वाजवायची असते. यांनी पाठीवरचा बिगूल काढला, तर कॅप्टनसाहेबांनी बिगुलाच्या तोंडावर हात ठेवला. "आत्ता नको. आवाज गेला तर आपणही इथेच राहू. नंतर वाजव." बारा दिवसांनी साहेबही गेले. लढाई संपली, हे घरी आले, शहराच्या पाणीखात्यात लागले. चौतीस वर्षं टाकीवरचे व्हॉल्व्ह उघडले आणि बंद केले. रोज पहाटे टाकीशेजारी उभं राहून बिगूल वाजवायचे. उठायची धून, जेवणाची धून, सगळ्या. ती एक सोडून.

"का हो?" मी विचारलं.

"ती हुकुमाशिवाय वाजवत नाहीत."

"अहो, टाकीवर कोण ऐकणार होतं?"

"मी ऐकलं असतं ना."

मग त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं एक पत्र काढलं. त्या लढाईतल्या सैनिकांसाठी वर्षातला एक दिवस सरकारने यंदापासून ठरवला होता. त्या कंपनीतले पाचजण अजून होते. मैदानातल्या स्मारकापुढे यांनी ती धून वाजवावी, असं कचेरीने लिहिलं होतं. काकांनी 'वाजवावी' या शब्दावर बोट ठेवलं.

"हुकूम आला," ते म्हणाले. "बावन्न वर्षांनी आला, पण आला. सात आठवडे आहेत. नाहीतर कचेरीतला कारकून म्हणतो, रेकॉर्डिंग आहे आमच्याकडे, तुम्ही नुसते उभे राहा. त्या रेकॉर्डिंगला कुणी सांगितलं होतं का, नंतर वाजव म्हणून?"

झालं. मी त्या कवळीच्या मागे हात धुऊन लागले. वरची कड जाड केली, म्हणजे दाबाने निसटणार नाही. पुढचे दात केसभर बाहेर घेतले, मग आत घेतले. मेणात लावलेले दात वाजवून बघता येत नाहीत, सरकतात, त्यामुळे दर वेळी पूर्ण कवळी उकळून घट्ट करायची, घासायची, पॉलिश करायची आणि मग तिची फुस्स ऐकायची. दुसरी झाली, तिसरी झाली. आता ती खाली पडत नव्हती, पण सूर म्हणून निघत नव्हता. "ओठ जागा शोधतो," काका म्हणायचे, "आणि त्याला ती सापडत नाही." कसली जागा, ते त्यांनाही सांगता येईना. बाई मला म्हणाल्या, "सोड ना गं. या वयात माणूस भाकरतुकडा चावतो हेच पुष्कळ." मी त्यांच्यावर अशी खेकसले की त्या दोन दिवस मागे फिरकल्या नाहीत.

नऊ दिवस उरले असताना काका आलेच नाहीत. त्यांच्याऐवजी काकू आल्या. रुमालात बांधलेली तिसरी कवळी त्यांनी टेबलावर ठेवली.

"काल त्यांनी कचेरीत फोन केला," त्या म्हणाल्या. "लावा म्हणाले तुमचं रेकॉर्डिंग. पत्र कपाटात टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून पडलेत. जेवायलाही उठत नाहीत."

मला इतकं वाईट वाटलं की मी उगाचच फळीवरचे साचे पुसायला लागले. काकूंनी चष्मा लावला आणि कवळी उचलून निरखून पाहिली.

"छान आहेत हो. पण हे त्यांचे दात नाहीत."

"त्यांचे कसे असतील काकू? मीच केलेत."

"तसं नाही. त्यांचा पुढचा डावा दात उजव्यावर चढलेला होता. लग्नाआधी माझी बहीण मला म्हणाली होती, अगं, दातावर दात बसलेला नवरा काय करतेस!"

मी कपाळावर हात मारून घेतला. काका आमच्याकडे आले ते दात काढून झाल्यावरच. साच्यात नुसत्या हिरड्या. आणि मी, स्वतःला मोठी कारागीर समजणारी, त्यांना सरळसोट, मोत्यासारखे दात देऊन मोकळी झाले. ज्या खाचेत तो बिगूल उभं आयुष्य टेकला, ती खाचच मी बुजवून टाकली होती. स्वतःचा असा राग मला कधी आला नव्हता.

"फोटो आहे का? हसताना? तोंड उघडं असलेला?"

"छे हो. दिसायला नको म्हणून प्रत्येक फोटोत तोंड मिटलेलं. लग्नाच्यासुद्धा." काकूंनी चष्मा काढला. "पण आमची लेक आहे ना."

लेक दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आली, आईवडलांना घेऊन. चव्वेचाळीस वर्षांची, वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्याच्या खिडकीवर बसणारी. बोलताना हात तोंडावर, हसताना तर दोन्ही. तिला हात खाली घ्यायला लावला, तर तोच दात! डावा उजव्यावर चढून बसलेला, बापाचा जसाच्या तसा.

"लहानपणी किती रडले मी, हा सरळ करून द्या म्हणून," ती मला म्हणाली. "बाबा म्हणायचे, काय वाईट आहे, माझाही तसाच आहे की. मुली मला काय काय चिडवायच्या, ते यांना कुठे ठाऊक!" आवाजात अजून धार होती. काका खाली बघत उभे होते.

बाईंनी मापाचा लगदा तिच्या तोंडात बसवला. अजिबात हलायचं नसतं, पण हिला ठसका यायला लागला. काका एकदम पुढे झाले. "सावधान!" असे ओरडले की माझ्या हातातली वाटी पडली. पोरगी खुर्चीत ताठ. लहानपणी अंगणात तिच्याकडून रोज कवायत करून घ्यायचे म्हणे. लगदा घट्ट झाला, बाईंनी माप काढलं, आम्ही दोघी ते उजेडात बघायला लागलो, आणि ही तशीच, मुठी मांडीवर, नजर समोर.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "विश्राम म्हणा की!"

"अरे हो. विश्राम, विश्राम." सगळे हसलो. तीही हसली, हात तोंडावर ठेवून.

चौथ्या कवळीला मला पाच दिवस लागले. लेकीचा साचा समोर ठेवून मी दात वाकडा लावत होते. इतक्या वर्षांत मुद्दाम वाकडा लावलेला तो पहिलाच. काकांनी ती बसवली, बिगूल ओठाला लावला, ओठ थोडा इकडे, थोडा तिकडे झाला आणि एका जागी थांबला. मग जो आवाज निघाला! पुढच्या खुर्चीतला पेशंट तोंडात कापूस घेऊन रस्त्यावर पळाला. काकांनी उठायची धून वाजवली, जेवणाची वाजवली. मी म्हटलं, "आता तीही वाजवून बघा. लांब सूर टिकतात का ते कळेल."

"ती त्या दिवशी," ते म्हणाले, आणि बिगूल पिशवीत ठेवला. म्हणजे सूर टिकतील की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी मी मैदानात दुसऱ्या रांगेत लेकीशेजारी बसले होते. पहिल्या रांगेत चार म्हातारे सैनिक, एक चाकाच्या खुर्चीत. भाषणं झाली, लांबलचक. मग अकरा नावं वाचली. शेवटी कॅप्टनसाहेबांचं वाचलं. काका स्मारकापुढे माइकसमोर जाऊन उभे राहिले. मीच वाजवणार, असं त्यांनी कचेरीत पुन्हा फोन करून कळवलं होतं, तरी बाजूला तो कारकून, रेकॉर्डिंगच्या बटणावर बोट ठेवून. मला वाटलं, उठावं आणि त्याचं बोटच पिरगाळावं.

काकांनी वाजवायला सुरुवात केली. पहिला सूर स्वच्छ निघाला. दुसराही. तिसरा लांब होता, मध्येच थरथरला. कारकून बटणाकडे वाकला. सूर सावरला. मग ते थांबलेच नाहीत. शेवटचा सूर त्यांनी इतका हळू खाली आणला की तो कधी संपला ते कळलंच नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे म्हणून आलेल्या मोठ्या साहेबांनी मान डोलावली. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "धन्यवाद, आपण आता स्थानापन्न व्हावं." काका हलले नाहीत. बिगूल कमरेशी, टाचा जुळलेल्या, नजर दगडावर. बाई पुन्हा म्हणाल्या. कारकुनाने येऊन कोपराला धरलं, "काका, झालं, चला." ते खांबासारखे उभे. ऊन चढलं होतं. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. मोठे साहेब शेजारच्याला विचारत होते, काय झालं यांना? वाजवायचा हुकूम होता, तो त्यांनी पाळला होता. पुढचा हुकूम द्यायला कुणी नव्हतं.

माझ्या शेजारची खुर्ची सरकली. लेक उभी राहिली होती. दोन्ही हात खाली, शरीराला चिकटलेले, मुठी वळलेल्या.

"बाबा!" ती सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली. "विश्राम!"

"हो साहेब," काका म्हणाले. समोरच्या माइकमधून ते सगळ्यांना ऐकू आलं. मग त्यांनी डावा पाय बाजूला घेतला.