देवाच्या पेटीतली मूठ

थानछुमीची पाटी दिसली की गावात शनिवार उजाडला असं समजायचं. वेताची निमुळती पाटी पाठीवर, तिचा पट्टा कपाळावर आणि ओठांवर स्तोत्र. मिझोंच्या त्या डोंगरगावात भात टाकताना बाई आधी एक मूठ तांदूळ चुलीशेजारच्या डब्यात काढी. ती मूठ देवाची. आठवडाभराच्या मुठी थानछुमी दारोदार गोळा करी आणि चर्चमधल्या लाकडी पेटीत ओती. महिन्याला तरणी माणसं तो तांदूळ शहरात नेऊन विकत, त्यावर लांबच्या गावांत गेलेल्या प्रचारकांचं पोट चाले.

बावीस वर्षं तिनं एक शनिवार चुकवला नव्हता. नवरा गेला त्या आठवड्यातही नाही. चर्चमध्ये ढोलावर थाप पडली की पहिला सूर तिचाच.

"पी थानछुमी, वर जाताना पाटी घेऊनच जाणार तुम्ही," बायका चिडवत. वडीलधारी बाई म्हणून सगळे तिला 'पी' म्हणत.

"नेणारच. तिथंही असतीलच की तुमच्यासारख्या, डबा अर्धा ठेवणाऱ्या!"

मग बांबू फुलला. म्हाताऱ्यांनी त्या फुलाकडं पाहून माना हलवल्या आणि झालंही तसंच. बांबूचं बी खाऊन उंदीर माजले, बी संपल्यावर शेतांत उतरले. कापणीला आलेला भात चार रात्रींत भुईसपाट झाला. मार्चपर्यंत कोठारं झाडून झाली. माणसं रानकंद उकरून, तीन-तीन पाण्यांत उकडून खाऊ लागली. तरी घसा खाजायचाच.

बायकांच्या सभेत चर्चचे वडील, म्हणजे कारभारी, काप्लियाना म्हणाले, "मुठीची सक्ती नाही. ज्याला जमेल त्यानं द्यावी."

पण आपला डबा गावात पहिल्यांदा रिकामा निघावा, हे कुणालाच नको होतं. थानछुमी दारात येते म्हणून बायका मूठ ठेवत राहिल्या, आणि बायका ठेवतात म्हणून थानछुमी दारात जात राहिली. थांब म्हणायला कुणाचंच तोंड उघडेना.

हनुनीचं घर उताराच्या टोकाला. नवरा आसामात मजुरीला गेला तो दोन वर्षांत परतला नव्हता. घरात ती आणि तिची पाच वर्षांची मोई. त्या शनिवारी हनुनीनं डबा आणून दिला. आत मूठभर तांदूळ होता, पांढराशुभ्र, निवडलेला. थानछुमीची नजर चुलीकडं गेली. भांड्यात रानकंद खदखदत होता. भाताचं भांडं खुंटीला पालथं टांगलेलं, त्याच्या बुडाला कोळ्याचं जाळं. मोई भिंतीला टेकून बसली होती. तिचे पाय सुजले होते.

घरात भातच शिजला नाही, तर ही मूठ काढली कशातून?

"मोईची आई, या खेपेला राहू दे," थानछुमी हळूच म्हणाली.

हनुनीचा चेहरा ताठ झाला. "का? आमची मूठ देवाला चालत नाही? शेजारच्या घरचा डबा घेतलात की!"

थानछुमीनं डबा पाटीत उपडा केला. नाही म्हटलं असतं तर बाईचा पाणउतारा झाला असता, असं तिनं वाटभर मनाला बजावलं. पण चर्चपर्यंतच्या चढावर तिला तीनदा बसावं लागलं.

ती तशीच काप्लियानांकडं गेली. "पेटीत चार महिन्यांचा तांदूळ पडून आहे. शहरात न्यायला कुणाच्या अंगात बळ नाही. ज्यांच्या घरी काहीच नाही त्यांना वाटू या."

काप्लियानांनी आपल्या चुलीकडं पाहिलं. त्यांच्याही घरी कंदच शिजत होता. "देवाला दिलेलं परत घ्यायचं म्हणतेस? मी एकटा कसं ठरवू? महिनाअखेरीच्या सभेत मांडू."

सभेला अकरा दिवस होते. मोई नवव्या दिवशी गेली.

निरोप सकाळी आला. थानछुमीनं कुणालाही न विचारता पाटी उचलली, चर्चमध्ये गेली आणि पेटीचं झाकण उघडलं. भपकन वास आला. पेटीचा मागचा कोपरा मुठीएवढा कुरतडलेला होता. आत तांदळाचा चुरा, लेंड्या आणि एका बाजूला फाटक्या कापडाच्या घरट्यात वळवळणारी गुलाबी पिल्लं. गावानं उपाशी राहून उंदीर पोसले होते.

तिनं झाकण लावलं. रिकामी पाटी घेऊन ती उतार उतरली.

हनुनीच्या घरी माणसं दाटीनं बसली होती. तरुणांनी खड्डा खणायला घेतला होता. ढोल आणलेला होता, पण सूर धरायला सगळे थानछुमीची वाट पाहत होते. ती दाराशीच थबकली.

हनुनीनं मान वर केली. "पी थानछुमी, माझी मूठ पोचली ना?"

कुणाला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. थानछुमीला कळला.

"मोईनं मागितला होता भात," हनुनी म्हणाली. "मी म्हटलं, हा देवाचा, तो आपल्याला परत देईल. पोचली ना?"

थानछुमीनं तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"पोचली," ती म्हणाली.

"मग म्हणा ना. गप्प का?"

आणि थानछुमीनं सूर धरला. स्तुतीचंच स्तोत्र होतं, दुसरं तिला येतच नव्हतं. आवाज मध्ये दोनदा फाटला, तेव्हा हनुनीनंच ओळ उचलून धरली.

पुढच्या शनिवारी थानछुमी पाटीशिवाय निघाली आणि प्रत्येक दारात एवढंच म्हणाली, "डबा चुलीवरच्या भांड्यात रिकामा करा. आजच."

"वडिलांनी सांगितलं?"

"मी सांगते."

पेटीचं तिनं काप्लियानांना सांगितलं, आणि दोघांनी मिळून ती रानात जाळली. हनुनीच्या कानावर मात्र ते कधी जाऊ दिलं नाही.

दुष्काळ सरला, मुठी पुन्हा सुरू झाल्या. पाटी दुसरीच्या कपाळावर गेली. थानछुमी त्यानंतर एकोणतीस वर्षं जगली. दर रविवारी गायली, पण पहिला सूर परत कधी धरला नाही. भात टाकताना मात्र ती दोन मुठी काढी. एक देवाच्या डब्यात. दुसरी ती तशीच हातात धरून उताराच्या टोकाला जाई आणि हनुनीच्या भांड्यात सोडून येई.

"रोज रोज कशाला हो, पी?" हनुनी विचारी.

"शिजव," थानछुमी म्हणे, आणि भात उकळेपर्यंत तिथून हलत नसे.