दुसरा गंज

तुरीची डाळ शिजते तेव्हा घरभर एक गोडसर, ओळखीचा वास पसरतो. लाखोळीच्या डाळीचं तसं नाही. आम्ही इकडे तिला नुसती लाख म्हणतो. तिचा वास मातकट, उन्हात वाळत घातलेल्या ओल्या पोत्यासारखा. आज सकाळी आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरात तो वास उठला आणि सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन थबकली. मोठ्या कुकरात सगळ्यांचं तुरीचं वरण होतं आणि शेजारच्या बर्नरवर माझा वीतभर गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, झाकण ठेवलेला. तिने एकदा कुकराकडे पाहिलं, एकदा गंजाकडे, मग माझ्याकडे. ती नजर मी ओळखली. न ओळखायला काय झालं? या घरात ती नजर पहिल्यांदा मीच आणली होती.

सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली असतील. नंदनवनातच, पण पार मागच्या गल्लीत, दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. आमचे हे कळमेश्वरला एका कारखान्यात ठेकेदाराकडे रोजंदारीवर होते. पगार शनिवारचा शनिवारी. तिसऱ्या बाई. बाई म्हणजे माझी मोठी नणंद. धाकट्या भावाला आईच्या मागे तिनेच वाढवलं, पुढे विधवा होऊन त्याच्याच घरी आली, आणि आल्या दिवसापासून चूल तिच्या हाती. मी नवी नवरी. माझ्या हाती लाटणं तेवढं होतं.

आता आठवलं की नवल वाटतं, त्या चिमूटभर पैशात बाई आठवडा कसा उभा करायची! रविवारी बाजार उठायच्या वेळी जायचं, भाजीवाल्या बायांच्या टोपल्या डोक्यावर चढायच्या आत. उरलेली वांगी, मऊ पडलेले टमाटर, पिवळी पानं निघालेली अंबाडी, सगळं एका भावात. तांदळाऐवजी कण्या. फोडणीला तेलाची धार कधी पडली नाही, चमचा बुडवून कढईच्या बुडाला फिरवायचा, की झालं. आणि रविवारीच संध्याकाळी ती जुन्या पेपराच्या सात पुड्या बांधायची. एकेका पुडीत एका दिवसाची डाळ. पाहुणा आला तर शनिवारच्या पुडीतून काढायचं, म्हणजे शनिवारी कढी. पुड्या एका डब्यात, डबा फळीवर आणि फळी बाईच्या डोळ्यांसमोर. शिस्त म्हणजे शिस्त! मला तर कधी कधी वाटायचं, ही बाई श्वाससुद्धा मोजून घेत असेल.

मला पाचवा महिना लागला आणि भूक म्हणजे नुसता वणवा झाला. जेवून उठले की पुन्हा भूक. पोटात भूक असली की डोळ्यांना भलतं दिसायला लागतं हे मी अनुभवाने सांगते. मला दिसलं ते असं: बाई डाळ दोन गंजांत शिजवते. दोन्ही जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, एकाच मापाचे. एकाला काठाशी पोचा. बिनपोच्याच्या गंजातलं वरण आम्हा दोघांना. पोच्याचा गंज झाकलेला, मागे सारलेला. आम्ही जेवून उठलो की बाई भिंतीकडे तोंड करून बसायची आणि त्या गंजातलं खायची. ताटात काय आहे ते दिसायचं नाही, दिसायची ती पाठ. आणि ती खायचीही कशी? चवीचवीने, बोटं चाटून! माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढ्या आवडीने खाते ते काय असेल? जाड डाळ असेल, वरून तूप असेल. आमच्या वरणात पळी फिरवली तर तळ दिसायचा, आणि हिच्या गंजावर मात्र झाकण.

मग मी पाळत ठेवायला लागले. फळीवरच्या डब्यामागे आणखी एक पुडकं सापडलं, दोऱ्याने घट्ट बांधलेलं. वाणी बाईला काही तरी आतल्या पोत्यातून काढून देतो, इकडेतिकडे पाहून देतो, हेही दिसलं. आणि गुरुवार! दर गुरुवारी दुपारी बाई धुतलेलं लुगडं नेसायची, केसांना पाण्याचा हात लावायची आणि म्हणायची, “मी जाऊन येतो वं.” कुठे, ते नाही. यायची ती दिवेलागणीला, आणि येताना गुणगुणत यायची. पदराच्या टोकाला गाठ असायची ती जाताना फुगलेली, येताना सैल. झालं, माझा हिशोब जुळला. घरखर्चातून उरवते, चांगलंचुंगलं स्वतः खाते आणि राहिलेलं कुणाला तरी नेऊन घालते. एका रात्री ह्यांच्या कानावर घातलं तर ते उठूनच बसले. “बाईवर शक घेऊन राहिली का तू? तिनं मले हातानं भरवलं हाय.” मी गप्प बसले. पण संशय असा गप्प बसत नाही. एकदा डोळ्यात गेला की साध्या गोष्टीही त्याच्याच रंगाच्या दिसतात.

विचारलं का नाही, असं तुम्ही म्हणाल. काय विचारणार? सहा महिन्यांची सून मी, मोठ्या नणंदेला विचारू की तुम्ही चोरून काय खाता? तोंडाने विचारायची हिंमत नव्हती, म्हणून मी हाताने केलं. बाई नळावर पाणी भरायला गेली की मी दोन्ही गंजांतलं वरण उलटंपालटं करायची. तिचं आमच्या गंजात, आमचं पोच्याच्या गंजात. आमचे हे डब्यात झुणका-भाकर घेऊन पहाटेच जात आणि रात्री उशिरा येत. दुपारचं वरण माझं एकटीचं. दोन्ही पिवळी, दोन्ही पातळ, डोळ्यांना फरक काही नाही. तीन दिवस मी तिच्या गंजातलं वरण खाल्लं. आणि तुम्हाला खरं सांगते, मला ते जास्त चांगलं लागलं! जरा दाट, जरा वेगळं. म्हटलं बघा, माझंच खरं. माझी जीभही संशयाला फितूर झाली होती.

पहिले दोन दिवस बाई काही बोलली नाही. तेव्हा तिला सर्दी होती, वास-चव काही कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने पहिला घास तोंडात घातला आणि हात तिथेच थांबला. भिंतीकडचं तोंड सावकाश माझ्याकडे वळलं.

“तूनं गंज बदलवला का वं?”

मी पदराशी चाळा करत बसले.

“बोल ना. कवापासून?”

“परवापासून,” मी म्हटलं.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. “अवं पोरी, त्यात लाख हाय! पोटुशी बाई तू, तूनं लाख खाल्ली? उठ. उठ म्हणतो ना! पायाले मुंग्या येऊन राहिल्या का? चालून दाखव मले.”

तिने मला दंडाला धरून उठवलं आणि त्या दहा फुटांच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत चालायला लावलं. एकदा, दोनदा, दहादा. स्वतः जमिनीला डोळे लावून माझी पावलं पाहत होती. लाख खाऊन पाय जातात, माणूस लंगडा होतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. तेव्हा ती उघड विकतही नसत. म्हणून तर वाणी आतल्या पोत्यातून द्यायचा. माझे पाय थरथरत होते ते भीतीने की लाजेने, मला सांगता यायचं नाही. बाईला मात्र तो लाखेचाच थरथराट वाटला. ती रडायला लागली. त्याआधी मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवारच होता. बाईने मला शहर बसमध्ये घातलं आणि रामदासपेठेत एका दवाखान्याच्या फाटकाशी नेलं. तिथे तिची एक जुनी मैत्रीण आया होती. ती आत जाऊन नर्सबाईंना विचारून आली आणि हसतच आली. तीन दिवसांत काही होत नाही, रोजच्या रोज महिनोन्‌महिने खाल्ली तर भीती. बाईने दोन्ही हात जोडले, कुणाला ते ठाऊक नाही. मग फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली आम्ही तिघी बसलो. चहा आला. मैत्रिणीने कनवटीला हात घातला तशी बाईने तिच्या हातावर चापट मारली आणि पदराची गाठ सोडली.

“पाहा हिचं,” मैत्रीण मला म्हणाली, “दर गुरुवारी हेच. मले पैसे काढू नाही देत. भांडते!”

“माहे पैसे हायत,” बाई म्हणाली. “भावाच्या संसारातले नाही. माह्या वाट्याची तूर मी नाही खात, लाख खातो. त्यात जे वाचते ते माहं. माह्या तोंडातलं काढून मी माह्या जिवाले लावतो, त्यात कोणाच्या बापाचं काय जाते?” मग माझ्याकडे न पाहता, चहात फुंकर घालत म्हणाली, “विचारलं असतं तं सांगतलं असतं वं.”

मी कप खाली ठेवला. त्या सात पुड्यांच्या आठवड्यात या बाईचं स्वतःचं म्हणावं असं काय होतं? अंगावरचं लुगडं भावाचं, डोक्यावरचं छत भावाचं. एक गुरुवार तेवढा तिचा होता आणि त्याचं मोल ती रोज भिंतीकडे तोंड करून भरत होती. अन् मी त्यात तूप शोधत होते!

गोष्ट इथे थांबली असती तर मी आज एवढी लिहीत बसले नसते. पण घरी आल्यावर मला राहवलं नाही. मन हलकं करायला मी ह्यांना सगळं सांगून टाकलं. मोठ्या चांगुलपणाने सांगितलं हो! ते ऐकून ह्यांचे डोळे भरले. “बहीण लाख खाते अन् मी तूर खातो? लोक थुंकतील माह्या तोंडावर. उद्यापासून घरात एकच गंज,” असं म्हणून त्यांनी ते पुडकं उचललं आणि बाहेर नेऊन टाकलं. पुढच्या रविवारी बाईने सात पुड्या बांधल्या, प्रत्येकीत तिघांची तूर. काटकसर आणखी एक वीत आत सरकली, पण सगळे एकाच गंजातलं जेवलो. बाई आता आमच्याकडे तोंड करून बसायची. बोटं चाटत नव्हती.

गुरुवार आला. तिने धुतलेलं लुगडं काढलं नाही. मी म्हटलं, “बाई, आज नाही जात का?”

“काहून जाऊ? दर गुरुवारी तिच्याच पैशाचा चहा पिऊ का?”

मी बाजाराच्या पैशातून थोडे काढून तिच्यापुढे धरले. तिने ते मुठीत घेतले आणि परत माझ्या मुठीत दाबले. “हे बाबूचे हायत,” भावाला ती बाबू म्हणायची, “ते माहे होते.” महिनाभराने मी धीर करून वाण्याकडून अर्धा किलो लाख आणली आणि पोच्याच्या गंजाशेजारी ठेवली. मला वाटलं, ती समजून घेईल. तिने पुडी पाहिली, मग मला पाहिलं. तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांत माझीच ती जुनी नजर होती.

“आता तू मले लाख खाऊ घालतं का वं?”

तिने स्वतः आणली तर तो तिचा मान. मी आणली तर तीच लाख अपमान झाली. पुडी तिथेच पडून राहिली, तिला टोके लागले, एक दिवस मीच फेकली. मूल झालं, पुढे ह्यांची नोकरी पक्की झाली, तूर किलोकिलोने यायला लागली. बाई बरीच वर्षं जगली, भरल्या घरात जगली, पण रामदासपेठेची बस तिने पुन्हा धरली नाही. ती मैत्रीण बाईच्या तेरवीला आली होती. मी चहा पुढे केला तर म्हणाली, “हिच्या घरचा चहा पहिल्यांदाच पिऊन राहिलो. इतकी वर्षं निरोप धाडत होतो, ये, आता माही पाळी. आलीच नाही.”

आता अधूनमधून गुरुवारी मी त्या पोच्याच्या गंजात मूठभर लाख शिजवते. आता ती दुकानात मिळते, कुणी इकडेतिकडे पाहत नाही. पण ही माझी आठवण की माझा देखावा, असा मला माझाच संशय येतो. बाई भिंतीकडे तोंड करून खायची, कुणाला दिसू नये म्हणून. मी मात्र सकाळीच, सगळ्यांच्या नाकासमोर शिजवते. कुणी तरी विचारावं अशी माझी इच्छा असेल का? असेल. बरेच दिवस सून काही बोलली नाही, नुसती पाहत राहिली, आणि मी मनात म्हणत होते, हीही आता डब्यांमागे हात घालणार.

पण आज ती दारातून आत आली. गंजावरचं झाकण माझ्यादेखत उचललं, वाफेत नाक घालून वास घेतला आणि सरळ माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, “आई, तुम्ही हे वेगळं काहून शिजवून राहिल्या? माह्या हातचं आवडत नाही का? काय असंन ते सांगा ना मले.”

मी पळी खाली ठेवली. इतकं सोपं होतं ते. गॅस बारीक केला, तिला ओट्यापाशी बसवलं आणि म्हटलं, “सांगते. आधी चहा ठेव.”