रक्तात आळस

"उभी राहा. तोंड दाखव सगळ्यांना."

मी उभी राहिले. सांगलीतलं नर्सिंग कॉलेज, सकाळचा तास, आणि माझा डोळा लागला होता. तोंड सुजलेलं. मॅडमनी डस्टर टेबलावर आपटलं.

"सवलतीच्या जागेवर आलं की हे असंच. यांच्या रक्तातच आळस."

वर्ग हसला. माझ्या खोलीतल्या दोघीही हसल्या.

आणि मी ते खरं मानलं. हेच आज जास्त लागतं. कारण मी मंद होतेच. वॉर्डात एक खाट लावायला मला दुप्पट वेळ लागायचा. उन्हाळ्यात अंगावर स्वेटर. विंचरताना केसांचे पुंजके हातात. आवाज घोगरा. मेसमध्ये मी बसले की शेजारची ताट उचलून जायची.

आई कवठे महांकाळला द्राक्षबागेत कामाला जाते. फोनवर विचारायची, "आवाज का असा गं? रडलीस व्हय?"

"न्हाई आये. सर्दी हाय."

या बाईला दिवसा पाठ टेकताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग माझ्या रक्तात आळस आला कुठून? हा प्रश्न मला तेव्हा पडलासुद्धा नाही.

महिन्याभरानं त्याच मॅडमनी ग्रंथी शिकवल्या. गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉईड. तिचं संप्रेरक थेट रक्तात मिसळतं आणि शरीराचा वेग सांभाळतं. ते कमी पडलं की सगळंच मंदावतं. थंडी सोसत नाही. तोंड सुजतं. केस गळतात. आवाज बसतो. झोप अनावर होते.

मी लिहून घेत होते. पेन थांबलं. बाकाखाली स्वतःचं मनगट धरलं, नाडी मोजली. बावन्न. साठाच्याही खाली.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी माझा गळा चाचपला. थोडा सुजला होता.

"मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी थायरॉईडला काम कर, काम कर म्हणून हार्मोन सोडतेय. त्याच हार्मोनचा आकडा इतका चढलाय. पण थायरॉईडला ते जमतच नाही."

"म्हणजे आळस न्हाई?"

"आळस? अशा अवस्थेत तू ड्युटी केलीस कशी?"

बाथरूममध्ये नळ सोडून रडले. सांगायला कुणी नव्हतं. मग रडणं थांबलं आणि एक गोष्ट लख्ख कळली. ग्रंथीसाठी रोज उपाशीपोटी घ्यायची गोळी आहे. मॅडमच्या वाक्याला गोळी नाही. माझी थायरॉईड ठणठणीत असती, मी नुसती दमून झोपले असते, तरी ते वाक्य खोटंच होतं. ते माझ्या झोपेबद्दल नव्हतंच. माझ्या जातीबद्दल होतं.

माझ्या आजाराचं मॅडमच्या कानावर गेलं. त्या खूश झाल्या.

"पुढे ये. अशी केस आयती मिळत नाही. मान वर कर. मुलींनो, एकेक जण येऊन हिचा गळा चाचपा."

मी जागची हलले नाही.

"मी केस न्हाई, मॅडम. माझ्या रक्ताबद्दल बोललात, ते आधी याच वर्गापुढं मागं घ्या."

"मी काय बोलले? मला आठवत नाही."

"मला आठवतंय."

या वेळी कुणी हसलं नाही.

मी प्राचार्यांकडे लेखी तक्रार द्यायची ठरवली. साक्षीदार म्हणून सही मागितली, तर खोलीतली एक म्हणाली, "आमाला पास व्हायचंय गं." दुसरी भिंतीकडं तोंड करून झोपली. मी एकटीनं सही करून अर्ज दिला.

प्राचार्यांनी बोलावलं. गोड आवाजात म्हणाले, "आता बरी होतेयस ना? मग कशाला वाढवतेस? अर्ज मागे घे. वर्ष वाया जाईल."

"जाऊ द्या सर."

पुढच्या सोमवारी चौकशी आहे. वर्गातलं कुणीही माझ्या बाजूनं बोलणार नाही, हे मला माहीत आहे. मी बोलणार आहे. अर्ज मागं घेणार नाही.