पिंजरा नेमका कुठे ठेवायचा?

आमच्या अबुधाबीच्या ऑफिसातून ड्रॉइंग्ज वेळेवर निघत नाहीत, किस्से मात्र रोज निघतात! एक सांगून संपवावा, तोवर पॅन्ट्रीत दुसरा शिजलेला असतो. पण सगळ्यात जास्त जमले ते नझीरभाईंच्या पिंजऱ्याचे.

नझीरभाई आमचे ड्राफ्ट्समन, रत्नागिरीकडचे. गावी अम्मी एकट्या. रानडुकरं येऊन त्यांची रताळी, सुरण, भात, सगळं उकरून टाकत. नझीरभाईंनी वनखात्याची रीतसर परवानगी काढून लोखंडी पिंजरा करून घेतला, समोर कॅमेरा लावला आणि अम्मींना फोनवर दम दिला, "या हंगामात डुकरं सापडली नाहीत तर शेती खलास! कायमचं माझ्याकडे यायचं, अबुधाबीत रीम आयलंडला."

अम्मी म्हणाल्या, "तुझ्या एकविसाव्या मजल्यावर माझ्या कोंबड्या कुठं ठेवू?"

बिचाऱ्या अम्मी! त्यांचं घर वाचवायला अख्खं ऑफिस सरसावलं. प्रश्न एकच, पिंजरा कुठे ठेवायचा?

*

पहिले पुढे आले आमच्या सर्व्हेचे जोशी, पुण्याचे.

"सॅटेलाइट इमेज आहे ना! ही बघा जागा. ओढा जवळ, झाडी दाट, माणसांची वर्दळ शून्य. परफेक्ट!"

नझीरभाईंनी अम्मींच्या शेजारच्या गणूला फोन करून पिंजरा तिथे न्यायला सांगितलं. थोड्या वेळाने गणूचाच फोन. "भाई, ठेवतो, पण एसटीची वाट बघत बसलेली माणसं उठवू काय?"

इमेज जुनी होती. तिथे कधीच बसथांबा झाला होता!

जोशी आजही मान्य करत नाहीत. म्हणतात, "लोकेशन बरोबर होतं. गाव हललं."

*

एकदा सगळे नझीरभाईंच्या फोनवर वाकलेलो, तेवढ्यात मागे बॉस! इजिप्तचा, आवाज दणदणीत. म्हटलं, मेलो आता.

त्याने फोन हातात घेतला, पिंजरा निरखला आणि विचारलं, "दुपारी इथे सावली असते?"

नव्हती.

"हबीबी, सावली नसेल तर डुक्करसुद्धा साइटवर येणार नाही! यल्ला, शिफ्ट करा!"

पिंजरा फणसाखाली गेला. सावली खरंच आवडली, पण गावातल्या एका कुत्र्याला! तो रोज सापडायचा. आत जाऊन उकडलेली रताळी खायचा, दार पडलं की तिथेच ताणून द्यायचा, आणि सकाळी गणूने दार उघडलं की आळस देत घरी. नझीरभाई चिडून म्हणाले, "याला आता चहापण द्या!"

*

मग मी नाक खुपसलं. मी कोथरूडची, पण व्हिडिओ बघून बघून एक्स्पर्ट झालेली! म्हटलं, "त्यांच्या रोजच्या वाटेवर ठेवा. थोडे दिवस दार उघडंच बांधून नुसतं खायला घाला, सवय लागू दे."

शुक्रवारी नझीरभाईंकडे बिर्याणीला गेलो, तेव्हा कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग लावलं. आणि काय सांगू, डुकरीण दिसली, मागे पिल्लांची रांग! सगळ्यांनी श्वास रोखला. ती पिंजऱ्यापाशी थांबली, पाठ खसाखसा घासली आणि सरळ भातात घुसली.

नझीरभाईंची लेक किंचाळली, "अब्बू, दे आर सो क्यूट! प्लीज डोन्ट कॅच देम!"

"घरातच फितुरी!" नझीरभाईंनी कपाळावर हात मारला. अर्धं भात गेलं होतं. त्यांनी त्याच संध्याकाळी अम्मींचं तिकीट काढलं. मला इतकं वाईट वाटलं की बिर्याणी दुसऱ्यांदा घेतलीच नाही.

*

नझीरभाई स्वतः अम्मींना आणायला गावी गेले. पण त्यांना घेऊन परतायच्या आधी एक शेवटचा प्रयत्न म्हणून त्यांनी पिंजरा कुंपणाच्या भगदाडाशी बसवला, डुकरं शिरायची तिथेच. आम्ही लंचला कॅमेरा मोठ्या स्क्रीनवर लावला, आवाजासकट.

त्यांनी आमच्याकडे बघून अंगठा दाखवला. मग आतली फळी नीट बसलीय का बघायला रांगत आत शिरले. फळीवर वजन पडलं की दार पडतं, हे आम्हाला त्यांनीच समजावलेलं!

धाडकन!

दार उघडायची कडी बाहेरून. नझीरभाई ओरडायला लागले, "अम्मी! ओ अम्मी!" इकडे बॉस घास हातात धरून उभा.

अम्मी आल्या, सावकाश. वाकून आत पाहिलं. कडीला हात घातला, आणि काढून घेतला. मग ओढणी सावरून समोरच बसल्या.

"फोन आहे ना रे खिशात?"

"आहे. का?"

"तिकीट रद्द कर. मग उघडते."