शॉर्टमास्तरांची कात्री

गल्लीतल्या शिंप्याला सगळे शॉर्टमास्तर म्हणतात. एक तर उंची बेताची, शिवाय नवं शिवणं सोडून त्यांनी आता फक्त लांब कपडे आखूड करण्याचं काम धरलंय. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आलं की मास्तरीणबाई बटणांचा डबा मांडीवर घेतात. काज-बटण त्यांचं, कात्री मास्तरांची. लग्न झाल्यापासून त्या कात्रीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही.

काल लेकीनं काळी पँट आणली. ती शाळेत इंग्रजी शिकवते, पण कंत्राटावर. कायम नोकरीची मुलाखत दुसऱ्या दिवशी होती. मास्तरांनी एक पाय कापला, पँट उलटवली आणि दुसरा समजून तोच पाय पुन्हा कापला.

"बाबा!" लेक किंचाळली. मग बापाचा चेहरा पाहून सावरली. "असू दे. एका पायावर तयार आहे, असं सांगेन त्यांना."

मास्तर हसले नाहीत.

"गंमत सांगू?" लेक म्हणाली. "शर्ट, स्कर्ट आणि शॉर्ट ही इंग्रजीतली सख्खी भावंडं. मुळात कापण्याचा एक जुनाट शब्द होता, त्याची लेकरं. कापलं की आखूड होतंच. आपल्याच दुकानातलं खानदान!"

"आणि ते शॉर्टसर्किट?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"ते बरंच नंतरचं. वीज लांबची वाट सोडून जवळच्या वाटेनं पळते."

"म्हणजे यांच्या रागासारखी."

"खानदान चांगलं आहे गं," मास्तर खाली बघत म्हणाले, "पण कापणाऱ्याला दिसत नाही, त्याचं काय?"

मशीनवरचा मास्तरीणबाईंचा पाय थांबला. "कधीपासून?"

"सुईत दोरा तुला ओवायला सांगायला लागलो, तेव्हापासून."

"आणि मला मेलीला वाटलं, या वयात लाडात आलात!"

"डॉक्टरांकडे का नाही गेलात?" लेकीचा आवाज चढला.

"डोळा कापतील ते. त्यांचाही हात असा चुकला तर?"

पँटचा दुसरा पाय अजून लांबच होता. मास्तरांनी दोन्ही पाय एकावर एक ठेवले, कापलेली कड बोटानं चाचपली आणि कात्री बायकोपुढे केली.

"नको हो."

"काप. मी बोट धरतो, तिथनं."

कात्री चालली. मास्तर कान देऊन ऐकत होते.

"तिरकं गेलं का?"

गेलं होतं. मायलेकी एकदमच म्हणाल्या, "छे, सरळ आहे!"

मास्तरांनी कडेवरून सावकाश बोट फिरवलं. एका जागी ते थांबलं. मग पँटची नीट घडी घालून त्यांनी लेकीच्या हातात दिली.

"उद्या मुलाखत आटोपली की इकडेच ये," ते म्हणाले. "मला एकट्याला डॉक्टरांकडे जायला भीती वाटते."